नॉर्थलेनचा 'एलियन': नऊ महिने ऐकल्यानंतर

पहिले दोन आठवडे या अल्बममधलं आठवं गाणं आलं की मी ते पुढे ढकलायचे. 'रिफ्ट' त्याचं नाव. त्यात गिटार मागे सरते, उरतात इलेक्ट्रॉनिक ठोके आणि गाता आवाज. मेटलकोर, म्हणजे मेटल आणि हार्डकोर पंक यांचं मिश्रण, ऐकायला बसलेय, मग हे कशाला, असं वाटायचं. आज नऊ महिने झालेत, आणि अल्बम लावते तेव्हा निम्म्या वेळा मला तेच गाणं हवं असतं.

आधी ओळख. नॉर्थलेन हा ऑस्ट्रेलियातला, सिडनीचा बँड. 'एलियन' हा त्यांचा पाचवा स्टुडिओ अल्बम, ऑगस्ट २०१९ मध्ये आला. अकरा गाणी, पाऊण तासाच्या आत सगळं आटोपतं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या 'आरिया' संगीत पुरस्कारांत हार्ड रॉक-हेवी मेटल गटातला सर्वोत्तम अल्बम म्हणून त्याची निवड झाली. गायक मार्कस ब्रिज बँडमध्ये आल्यानंतरचा हा तिसरा अल्बम, आणि त्याने स्वतःचं घर गाण्यांत आणलं ते इथे. आईवडिलांचं व्यसन, घरातली हिंसा, त्यात गेलेलं बालपण याबद्दल तो मुलाखतींमधूनही उघडपणे बोलला आहे.

मी ऐकायला लागले तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, हवे होते, आणि ते पहिल्या गाण्यापासून मिळाले. 'डिटेल्स मॅटर' सुरू होतं तेच अंगावर येतं. गिटार खूप खाली ट्यून केलेल्या, वाजवणं तुटक, प्रत्येक स्वर सुरीने कापल्यासारखा थांबतो. स्वर वाजला, संपला, मध्ये शांतता, पुन्हा स्वर. सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्य) आणि कारखान्यातल्या यंत्रांसारखे आवाज मला तेव्हा वरची सजावट वाटले होते. चांगली सजावट, पण सजावटच.

माझं ते मत हळूहळू, साधारण तिसऱ्या महिन्यात पालटलं. एका रात्री चांगल्या हेडफोनवर 'ब्लडलाइन' ऐकताना जाणवलं की इथे यंत्रासारखी वागतेय ती गिटार. तिला श्वासच नाही. बटण दाबल्यासारखी ती सुरू होते आणि बंद होते. स्वर लांबवणं, थरथरणं, विरत जाणं हे सगळं सिंथकडे आलंय. या दोघांच्या मध्ये एक माणूस ओरडतोय आणि गातोय. मग गाणी कशाबद्दल आहेत ते कळलं आणि त्या मधल्या शांततांचा अर्थच बदलला. पुढचा घाव कधी पडेल याचा अंदाज येत नाही, म्हणून कान टवकारून बसायचं. भांडणाच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे ऐकणं ओळखीचं वाटेल. त्या रात्रीनंतर मला ब्रेकडाऊन, म्हणजे गाणं संथ होऊन जड ठोक्यांवर येतं तो भाग, हे नुसतं डोकं हलवायचं ठिकाण राहिलं नाही.

'एक्लिप्स'बद्दल थोडं जास्त लिहायला हवं. टेक्नोच्या क्लबमध्ये शोभेल असा सिंथ आणि त्यावर ब्रिजची किंकाळी. मेटलमध्ये इलेक्ट्रॉनिक आवाज आणणारे बँड ९०च्या दशकापासून आहेत, तेव्हा नुसतं मिश्रण ही नवलाई नाही. बऱ्याच ठिकाणी मात्र ते शिवणीवर उसवतं: चार ओळी सिंथ, मग सिंथ गप्प, मग गिटार. इथे दोघं मिळून एकच रिफ वाजवतात. कुठे तार संपते आणि कुठे सिंथ सुरू होतो हे मला अजूनही काही जागी सांगता येत नाही, आणि ते शोधण्यात मी कित्येक तास आनंदाने घालवले आहेत.

आता तक्रारी. हा अल्बम फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. खालची गिटार, किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि सिंथचा बेस हे सगळं तळाच्याच पट्ट्यात आहे; छोट्या स्पीकरवर तळ गायब होतो आणि उरते ती फक्त खरखर. गाडीत ऐकताना मी बेस वाढवून पाहिला, तर नुसता चिखल झाला. इक्वलायझर सपाट ठेवून आवाज थोडा कमी केल्यावर गाणी मोकळी झाली. दुसरं म्हणजे मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या आवाजाची एकत्र जुळणी, दाटीवाटीचा आहे, जोरकस भाग सलग येतात, सहाव्या गाण्यापर्यंत कान थकतात. 'रिफ्ट' नेमकं दोन गाण्यांनंतर का ठेवलंय हे मला याच थकव्यातून समजलं.

'पॅराडाइम' माझ्यापर्यंत पोहोचलं नाही. नऊ महिन्यांत बऱ्याचदा संधी दिली, गाणं वाईट नाही, पण संपल्यावर मनात काही उरत नाही. 'व्हल्चर्स' २०१८ मध्येच सुटं गाणं म्हणून आलं होतं आणि ते ऐकू येतं: जोर भरपूर आहे, पण बाकीच्या गाण्यांइतकं ते या घरातलं वाटत नाही.

शेवटच्या 'स्लीपलेस'वर मात्र तडजोड नाही. ते हळू सुरू होतं, घाई न करता वाढत जातं, आणि दहा गाणी साठत आलेलं सगळं तिथे बाहेर पडतं. एकटं लावलं तर त्याचा निम्माच परिणाम होतो, म्हणून मी ते कधी प्लेलिस्टमध्ये टाकलं नाही.

पुढचा 'ऑब्सिडियन' २०२२ चा, तोही ऐकलाय. छान आहे, पण मी परत येते ती इथेच.

नव्याने ऐकणार असाल तर 'टॉकिंग हेड्स'पासून सुरुवात करा, त्याची पकड लगेच बसते. मग 'ब्लडलाइन', तेही हेडफोनवर. त्यानंतर पहिल्या गाण्यापासून सलग, मध्ये काही न वगळता. 'रिफ्ट' पहिल्यांदा आवडलं नाही तरी चालेल, फक्त ते पुढे ढकलू नका.