जळगावात पोथीचे फोटो: सेवा घ्यावी, पण या गोष्टी आधी ठरवून

घरातल्या जुन्या पोथीचे फोटो काढून हवे असतील तर जळगाव शहरातल्या एका छोट्या सेवेकडे पोथी जरूर द्यावी. मुख्य कारण एकच: चिकटलेली पानं इथे वाफेवर धरत नाहीत.

वाफेची युक्ती नावाजलेली आहे. 1892 साली अ‍ॅग्नेस स्मिथ लुईस आणि मार्गारेट डनलॉप गिब्सन या स्कॉटलंडच्या जुळ्या बहिणी सिनाईच्या सेंट कॅथरिन मठात पोहोचल्या. तिथल्या एका सिरियाक भाषेतल्या हस्तलिखितात वर संत स्त्रियांची चरित्रं होती आणि त्याखाली पुसून टाकलेली बायबलमधली शुभवर्तमानं. चिकटलेली पानं अ‍ॅग्नेसबाईंनी किटलीच्या वाफेवर सोडवली आणि दोघींनी मिळून हजाराच्या आसपास फोटो घेतले. केवढी जिद्द! पण ती पानं चामड्याची. आपल्या पोथ्या हातकागदाच्या, शाई काजळ आणि डिंकाची. वाफेनं डिंक सुटतो आणि अक्षर समोरच्या पानावर उमटतं. इथे बांबूची पातळ कामटी कोपऱ्यातून अलगद सरकवतात. पान नाही सुटलं तर तसंच ठेवून यादीत नोंद करतात. अगदी बरोबर.

कॅमेरा वर पक्का बसवलेला, दोन्ही बाजूंनी 45 अंशात दिवे, फ्लॅश बंद, चौकटीत मोजपट्टी. फोटो सुरेख येतात. दर मात्र पृष्ठावर आहे, म्हणजे शंभर पानांच्या पोथीला दोनशे पृष्ठांचा हिशेब धरा.

पुसट अक्षरांसाठी वेगळे पैसे घेऊन अतिनील दिवा लावतात, तो घेऊ नका. त्या दिव्याखाली लोहयुक्त शाईच्या खुणा उठून दिसतात. काजळाच्या शाईला अवरक्त कॅमेरा लागतो, तो इथे नाही.

खरी गडबड पान उलटण्यात होते. पोथीचं पान लांब कडेवरून, खालून वर उलटायचं असतं. पुस्तकासारखं उलटलं की मागची बाजू उलटी येते. पानाचा आकडा बहुतेक वेळा मागच्याच बाजूला, समासात असतो, त्यामुळे फायलींची नावंही चुकतात. पहिली पाच पानं 1अ (पुढची बाजू), 1ब (मागची) अशी समोर बसून तपासा. महानुभाव पंथाची, सकळ या सांकेतिक लिपीतली पोथी असेल तर काम करणाऱ्याला वर-खाली कळणारच नाही. वरच्या बाजूला कागदाची चिठ्ठी ठेवा, पेन्सिलीची खूण नको.

हातमोजे मागून घ्या. चुकलेल्या अक्षरांवर फासलेला पिवळा हरताळ म्हणजे आर्सेनिकचं विषारी संयुग, तेव्हा थुंकी लावून पान उलटू देऊ नका.

काम दिवाळीनंतर, फेब्रुवारीच्या आत उरकावं. मे महिन्यात खान्देशच्या उन्हात गाडीवरून नेलेल्या पोथीच्या कडा तुटतात, पावसाळ्यात पानं दमट होतात. पोथी प्लास्टिकच्या पिशवीत परत मिळते. घरी आल्याबरोबर ती काढा आणि धुऊन खळ घालवलेल्या सुती कापडात, फळ्यांसकट बांधा. खळीला कसर लागते.