148 घोडे कागदावर, 121 धावपट्टीवर

पुण्याजवळ महामार्गालगत एक ट्यूनिंग शॉप आहे. नाव लिहीत नाही, कारण मालकाशी माझं भांडण नाही, त्यांनी छापून दिलेल्या कागदाशी आहे. गाडी पोलो 1.0 टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. कंपनीच्या हिशेबाने 110 पीएस, म्हणजे जवळपास तेवढीच हॉर्सपॉवर. स्टेज वन रीमॅपचे (इंजिनाच्या संगणकातलं प्रोग्रामिंग बदलून ताकद वाढवण्याचे) 28,000 दिले. डायनोवर, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या रोलरच्या यंत्रावर, आधी तीन, नंतर तीन पुलचे (पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून घेतलेल्या मोजणीचे) 4,500.

काम मात्र नीट करतात. गाडी रोलरवर चढवली, चारही बाजूंनी पट्टे आवळले, टायरची हवा स्वतः तपासली. चौथ्या गिअरमध्ये पुल घेतला तेव्हा शेडचा पत्रा थरथरला. रीमॅपआधी 124 हॉर्सपॉवर, नंतर 148. मालक म्हणाले, "सर, एवढे घोडे या गाडीत सहसा निघत नाहीत." मी पेढे वाटायचाच बाकी होतो. मूळच्या 110 च्या गाडीने रीमॅपआधीच 124 कसे दाखवले, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आपल्याच गाडीचं कौतुक चाललेलं असताना कोणाला पडतो?

तीन आठवड्यांनी लोणावळ्यापुढे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर गेलो. क्वार्टर माइल, म्हणजे 402 मीटर. जाण्याआधी तळवडे रस्त्यावरच्या वजनकाट्यावर गाडी उभी केली. काट्यावरचा माणूस म्हणाला, "साहेब, माल कुठाय?" मी आत बसलेलो असताना 1165 किलो भरली. पावतीचे 60 रुपये. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सार्थकी लागलेला खर्च तोच.

पहिला रन लाजिरवाणा. 4000 आरपीएमवर क्लच सोडला, पुढची चाकं जागच्या जागी फिरली. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी सुटताना वजन मागे टाकते, म्हणजे जिथे पकड हवी तिथलाच भार कमी होतो. त्यात ती विमानांची धावपट्टी, डांबराला चिकटपणा नाही. 16.9 सेकंद, ट्रॅप स्पीड म्हणजे शेवटचा वेग ताशी 135 किलोमीटर. दुसऱ्या रनला तिसरा गिअर पडेचना, तो सोडून द्या. तिसऱ्याच्या आधी पुढच्या टायरची हवा 33 वरून 26 केली आणि 2500 वर क्लच सोडला. 16.4 सेकंद, ट्रॅप 136.

वेळेत अर्ध्या सेकंदाचा फरक, शेवटच्या वेगात फक्त एका किलोमीटरचा. म्हणूनच घोडे मोजायला वेळ बघायची नाही. वेळेत टायर, क्लच आणि तुमचा डावा पाय मिसळलेला असतो. ट्रॅप स्पीड म्हणजे शेवटच्या साधारण 20 मीटरमधला सरासरी वेग. त्यात सुरुवातीची फजिती बरीचशी धुऊन निघते, उरतं ते वजन आणि ताकद.

अमेरिकेतल्या ड्रॅगवाल्यांचा एक जुना आडाखा आहे. किलोमीटर-किलोत बसवला तर असा होतो: ट्रॅप स्पीडला 289 ने भागा, येईल त्याचा घन करा, वजनाने गुणा. माझे आले 121. कागदावरचे 148 खरे असते तर गाडी 145 च्या आसपास गेली असती. रीमॅपआधी मोकळ्या रस्त्यावर जीपीएसच्या डबीने मोजलेला हाच वेग 129 होता, त्याचे येतात 103-104. (तो रस्ता कुठला, ते विचारू नका.)

मग 27 घोडे गेले कुठे? कागद पुन्हा काढला. खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात करेक्शन फॅक्टर (हवेची भरपाई म्हणून मोजलेल्या ताकदीला ज्याने गुणतात तो आकडा) 1.12, तापमान 44 अंश. त्या दिवशी बाहेर जेमतेम तिशीतलं हवामान होतं. पुन्हा शॉपमध्ये गेलो तेव्हा उलगडा झाला: तापमानाचा सेन्सर रेडिएटरची गरम हवा जिथे येते तिथेच लटकत होता. यंत्राला वाटतं हवा तापून विरळ झाली आहे, बिचाऱ्या इंजिनाला भरपाई दिली पाहिजे. पुणं समुद्रसपाटीपासून 560 मीटरवर, हवेचा दाब कमी, त्याची भरपाई आधीच आत होती. शिवाय टर्बो गाडी ही उणीव बऱ्याच अंशी स्वतःच भरून काढते, म्हणजे एकाच दुखण्याला दोनदा औषध. आणि वर "गिअरबॉक्समधला तोटा" म्हणून सरसकट 20 टक्के चढवलेले.

उलटं सोलत गेलो. 148 ला 1.2 ने भागून ते चढवलेले 20 टक्के काढले, 123. त्याला 1.12 ने भागलं, चाकांवर 110. गिअरबॉक्स आणि टायरमध्ये दहाएक टक्के जातात असं धरलं तर इंजिनाचे 122. धावपट्टीने 121 सांगितले होते. मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसून हा हिशेब करत होतो, बायको म्हणाली, "चहा गार झाला, घोडे पळून नाही जात."

गंमत म्हणजे डायनो खोटं बोललेला नाही. 124 चे 148, वाढ 19 टक्के. धावपट्टीच्या हिशेबाने 17. दोन्ही कागदांना तोच फुगवटा लावल्यामुळे फरक जवळपास खरा राहिला. रीमॅप चांगलाच झाला आहे, खंडाळ्याच्या चढावर तिसऱ्यात कळतं.

मालकांना हे सगळं दाखवलं. त्यांनी नाकारलं नाही. "सर, शेजारचा 150 छापतो, मी 120 छापले तर गिऱ्हाईक येईल का?" आणि तिथल्या तिथे फॅक्टर 1 करून चाकांवरचे आकडे पुन्हा छापून दिले, पैसे न घेता.

रीमॅपला पाचपैकी चार, कागदाला दोन. गेलात तर सकाळी जा, दुपारी शेड तापते आणि तिसऱ्या पुलपर्यंत इंजिन दमतं. पंखा बॉनेटच्या अगदी समोर लावायला सांगा, पोऱ्या तो पायाने सरकवून जरा तिरकाच ठेवतो. आणि फॅक्टर 1 चा कागद पुल घेण्याआधीच मागा.