बुलेटचा कंडेन्सर बाहेर काढून बसवला, त्याला आठ महिने झाले

बाबांची 1986 ची बुलेट 350. गार असताना दुसऱ्या किकला चालू व्हायची, पण तासभर चालून इंजिन चांगलं तापलं की मिसिंग, म्हणजे ठिणगी चुकून इंजिन अडखळायचं. गेल्या वर्षी साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात, अर्ध्या चढावर, सायलेन्सरमधून दोन बार निघाले आणि गाडी बंद पडली. पाऊण तास किका मारून पाय दुखले. इंजिन गार झाल्यावर मात्र पहिल्याच किकला सुरू!

प्लग बदलला, कॉइल बदलली, फरक शून्य. एका गॅरेजमध्ये तीनदा पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे दोन छोटे संपर्क) पॉलिश पेपरने घासून दिले. असं कृपया करू देऊ नका. पेपरची खर पॉइंटमध्ये अडकते आणि चार दिवसांत पॉइंट परत काळे पडतात. बारीक कानस फिरवा, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला जाड कागद मधून ओढून घ्या.

खरा दोष सापडला तो रात्री. गाडी तापवून आणली, अंगणातला दिवा घालवला आणि पॉइंटचं झाकण काढून इंजिन चालू ठेवलं. पॉइंटच्या फटीत निळी-पिवळी ठिणगी सारखी नाचत होती. पॉइंट उघडले की कॉइलमधला करंट झटकन तुटायला हवा, आणि तो झटका कंडेन्सर पोटात घेतो. कंडेन्सर तापून कामातून गेला की करंट पॉइंटवरच जळतो, प्लगला जोरच मिळत नाही. माझ्या गाडीत हा कंडेन्सर पॉइंटच्या डब्यातच होता, म्हणजे ऐन उष्णतेत.

मग मोटारीच्या डिस्ट्रिब्यूटरचा कंडेन्सर आणला आणि टाकीखाली कॉइलशेजारी बसवला. कॉइलच्या ज्या टोकावरून वायर पॉइंटला जाते, त्याच टोकाला त्याची वायर जोडली. बॉडी चेसिसवर कसली, खालचा रंग खरवडून. रंगावर अर्थिंग मिळत नाही. पॉइंटचा गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) 0.38 मिमी ठेवला. टायमिंगला, म्हणजे ठिणगीची वेळ लावताना, पिस्टन सगळ्यात वरच्या टोकाच्या 0.8 मिमी खाली असताना पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. अ‍ॅडव्हान्सची वजनं (वेग वाढला की उघडून ठिणगी लवकर पाडणारी) तेव्हा मिटलेली हवीत. इग्निशन चालू ठेवून इंजिन हाताने हळूहळू फिरवलं, तर नेमक्या त्या क्षणी अँपिअर मीटरचा काटा मायनसकडून मध्यावर येतो. मला तर हा काटा कुठल्याही टेस्टरपेक्षा भरवशाचा वाटतो.

आठ महिन्यांत 4,200 किलोमीटर झाले, त्यात एप्रिल-मेचं ऊनही आलं. तापल्यावरचं मिसिंग पूर्ण गेलं. मार्चमध्ये कंडेन्सरच्या वायरची लग (टोकाची धातूची कडी) हादऱ्यांनी तुटली, तेव्हा वायर थोडी सैल सोडून क्लिपमध्ये बांधली. दोन हजार किलोमीटरनंतर गॅप कमी झालेला आढळला. पॉइंटची कॅमवर घासणारी टाच झिजते, त्यामुळे टायमिंगही मागे पडतं. कॅमवर ग्रीसचं बोट लावल्यापासून गॅप टिकून आहे.

पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक किट बसवा, असं बरेच जण सांगतात. मी बसवणार नाही. घाटात गाडी अडली तर स्क्रूड्रायव्हर आणि कागदाच्या तुकड्यावर सुरू होणारी ही व्यवस्था मला हवी आहे. जादाचा एक कंडेन्सर मी टूलबॉक्समध्ये ठेवतो. पाऊस सुरू झाल्यावर पॉइंटच्या झाकणाचं गॅस्केटही नवं टाकलंय.