साडेअकराचा शो: मराठा मंदिर, बाल्कनी आणि दोन अनोळखी प्रवासी

मुंबई सेंट्रलला सकाळी दहाला गाडीतून उतरलात आणि पुढची एसटी दुपारी चारची असेल, तर मधल्या वेळेचं काय करायचं याचं उत्तर १९९५ सालीच ठरून गेलंय. आगारासमोर मराठा मंदिर. तिथं साडेअकराला 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'. २० ऑक्टोबर १९९५ ला लागलेला हा चित्रपट करोनातली टाळेबंदी सोडली तर जवळपास सलग चालूच आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये, हजार आठवड्यांचा टप्पा ओलांडल्यावर, तो उतरवायचं ठरलं होतं. लोकांनी एवढी ओरड केली की काही दिवसांतच परत लावावा लागला. त्याआधीचा विक्रमही याच भागातला: लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हात 'शोले' पाच वर्षं चालला होता.

हे परीक्षण चित्रपटाचं कमी आणि या शोचं जास्त आहे. चित्रपट मोबाइलवरही बघता येतो, सगळ्यांनी तो बघितलेलाही आहे. प्रश्न एवढाच की अर्धा दिवस खर्चून तिथं जाऊन बसावं का. बसावं, पण नीट बेत करून.

आधी पोचायचं कसं. पश्चिम रेल्वेच्या धीम्या आणि जलद दोन्ही लोकल मुंबई सेंट्रलला थांबतात. पूर्वेला बाहेर पडलं की पाच मिनिटं चालायचं. मेट्रो ३ चं स्थानकही आता हाकेच्या अंतरावर आहे. मध्य रेल्वेवाल्यांनी दादरला गाडी बदलावी, नाहीतर भायखळ्याला उतरून सरळ टॅक्सी करावी. सामान मोठं असेल तर आधी रेल्वेच्या क्लोकरूममध्ये टाका. तिथं बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. या दोन्हींपैकी एक नसल्यामुळे पावणेअकराला खिडकीवर वाद घालणारे लोक रोज दिसतात. पन्नास रुपयांचं कुलूप घरूनच न्या.

तिकीट मल्टिप्लेक्सच्या पाण्याच्या बाटलीच्या भावात मिळतं. सुट्टे पैसे जवळ ठेवा. थिएटर सुमारे हजार खुर्च्यांचं, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवशी साडेअकराला दहा मिनिटं असताना गेलं तरी हवी तशी जागा मिळते. रविवारी आणि सणासुदीला मात्र लवकर जा. नवीन मोठा चित्रपट लागण्याच्या शुक्रवारी वेळ इकडेतिकडे होऊ शकते, आदल्या दिवशी खात्री करून घेतलेली बरी.

आता बसायचं कुठं, आणि इथं चुकलात तर निम्मी मजा गेली. हे १९५८ सालचं एकपडदा थिएटर आहे, मल्टिप्लेक्सच्या डब्यासारखं नाही. अशा कुठल्याही जुन्या थिएटरात बाल्कनीच्या बरोबर खाली, मागच्या रांगांत बसायचं नाही. डोक्यावर छत आलं की आवाज दबतो, संवाद घुमतात आणि पडद्याची वरची कडा कापल्यासारखी वाटते. चित्रपट शांतपणे बघायचा असेल तर बाल्कनीत मधोमध, कठड्यापासून तीन-चार रांगा सोडून बसा. अगदी पहिल्या रांगेत कठडा डोळ्यांच्या आड येतो. गुडघे दुखत असतील किंवा शिट्ट्यांच्या मधोमध बसायचं असेल तर खाली, छताच्या पुढे निघून. खालच्या मंडळींना संवाद पाठ आहेत. ते शाहरुखच्या अर्धा सेकंद आधी बोलतात. पहिल्यांदाच चित्रपट बघणाऱ्याला (असे लोक अजून आहेत!) याचा त्रास होतो, बाकीच्यांना त्यासाठीच यायचं असतं.

चित्रपटाबद्दल थोडं, कारण कुठला भाग थिएटरात खुलतो आणि कुठला लांबतो हे माहीत असलेलं बरं. लांबी तीन तास नऊ मिनिटं. दोन अनोळखी माणसांची भेट लगेच होतच नाही. जवळजवळ अर्धा तास सिमरनचं (काजोल) घर, लंडनच्या ट्राफल्गर चौकात कबुतरांना दाणे टाकणारे तिचे वडील बाउजी (अमरीश पुरी), पंजाबातून आलेलं तिच्या लग्नाचं पत्र आणि राजचा (शाहरुख) उनाडपणा यात जातो. आदित्य चोप्राचा हा पहिलाच चित्रपट, तरी त्याने घाई केलेली नाही. मग लंडनच्या स्टेशनवर गाडी सुटतेय, सिमरन पळत येतेय, आणि दारातून एक हात बाहेर येतो. इथं सगळं थिएटर टाळ्या वाजवतं. खरं तर डोंबिवलीकराला यात नवल वाटायला नको, असे हात त्याला सकाळच्या लोकलला रोज मिळतात.

पुढची युरोपवारी हा चित्रपटाचा सगळ्यात जमलेला भाग, आणि तो जमतो कारण दोघांना एकमेकांची गरजच नसते. तो तिची थट्टा करतो, भर मैफिलीत तिला तोंडघशी पाडतो, आणि गाणं संपताना नाचता नाचता चक्क खाली सोडून देतो. तिला तो डोळ्यांसमोर नको असतो. मग स्वित्झर्लंडमध्ये गाडी चुकते. मैत्रिणी-मित्र पुढे निघून गेलेले, हाताशी फक्त हा नकोसा माणूस. प्रेमकथेत दोघांना एकत्र आणायला योगायोग लागतोच. इथं तो रेल्वेच्या वेळापत्रकातून येतो, म्हणून मुंबईकराला लगेच पटतो. दारू चढलेल्या सिमरनचं बर्फातलं गाणं आशाबाईंचं आहे. ते ऐकताना खालच्या रांगांत खुर्च्या वाजतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राज 'काल रात्री काय झालं' म्हणून जी थट्टा करतो, ती मात्र आज बघताना अंगावर येते. पुढच्याच मिनिटाला तो गंभीर होऊन सावरून घेतो, तरीही.

गाणी सात. जतीन-ललित यांचं संगीत, आनंद बक्षींचे शब्द. पावसातल्या पहिल्या गाण्यात लताबाईंनी साठी ओलांडलेली आणि काजोल जेमतेम विशीत, तरी आवाज कुठे सुटा वाटत नाही. कान द्यायचा तो 'तुझे देखा तो'मधल्या मँडोलिनच्या छोट्या धुनेकडे. ती गाण्यापुरती नाही. दोघं लांब असले की ती हळूच पार्श्वसंगीतात येते, आणि पंजाबातल्या सरसोच्या शेतात तीच सिमरनला घराबाहेर काढते. घरच्या टीव्हीवर ती प्रेशर कुकरच्या शिट्टीत हरवते. थिएटरात पहिले तीन सूर वाजले की अख्खी बाल्कनी गप्प होते. दुसरी गोष्ट म्हणजे गायीच्या गळ्यातली घंटा. स्वित्झर्लंडमध्ये ती नीट पाहून ठेवा, शेतात परत भेटते.

लंडनला परतल्यावर निरोप घेताना ती वळून बघेल की नाही, हा प्रसंग ऐकायचा तो इथंच. शाहरुख स्वतःशी पुटपुटतो तो 'पलट' (वळ) हा शब्द तीनदा सगळे मिळून ओरडतात. ती वळते, हे सगळ्यांना तीस वर्षं माहीत आहे, तरी प्रत्येक वेळी क्षणभर शंका येते.

पंजाब सुरू झाला की चित्रपट दुसराच होतो. दोन अनोळखी माणसांची गोष्ट संपते आणि बाउजींना मनवण्याची सुरू होते. कबुतरं, शिकार, मेहंदी, करवा चौथ, सगळं लांबतं. सिमरनचं लग्न ज्याच्याशी ठरलंय त्या कुलजीतला तर वाईट असण्यापलीकडे कामच दिलेलं नाही. फरीदा जलाल आईच्या भूमिकेत मुलीला 'पळून जा' म्हणतात तो प्रसंग आणि अमरीश पुरींची नजर, एवढ्यावर तो तास तरतो. लहान मुलं सोबत असतील तर ती इथंच कंटाळतात. मध्यंतरात त्यांना खायला घालून घ्या, बाहेरून आणलेलं बहुतेक थिएटरांत दारावरच काढून घेतात.

आणि एसटीचं गणित. साडेअकरा अधिक तीन तास नऊ मिनिटं, वर जाहिराती आणि मध्यंतर. तीनच्या आत बाहेर पडणं अवघड. साडेतीनच्या आधीचं आरक्षण केलेले प्रवासी शेवटची वीस मिनिटं घड्याळ बघत बसतात आणि नेमका रक्ताळलेला राज गाडीत चढत असताना उठतात. सगळ्यात चुकीच्या वेळी उठण्याचा विक्रम यांचाच. आरक्षण चारचं घ्या, क्लोकरूमसाठी वीस मिनिटं वेगळी ठेवा.

त्यांनी चुकवलेला तो शेवटचा प्रसंग म्हणजे सुरुवातीच्या हाताची परतफेड. पुन्हा सुटणारी गाडी, पुन्हा धावणारी सिमरन, पुन्हा दारातून आलेला हात. फरक एवढाच की आधी तिचं मनगट कुणीच धरलेलं नव्हतं आणि आता बापाने धरलेलं आहे. गोष्टीत हे स्टेशन पंजाबातलं असलं तरी चित्रीकरण झालं आपल्या रायगड जिल्ह्यात, आपट्याला. तो फलाट प्रत्यक्ष बघायचा असेल तर एखाद्या रविवारी पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी पकडा. आपटा छोटं स्टेशन आहे, तिथं सगळ्या गाड्या थांबत नाहीत, त्यामुळे परतीची वेळ आधीच बघून ठेवा. आणि ती सुटली तर पळू नका, दारात शाहरुख नसेल.