नळावरचा टायमर: चकतीचा की बटणांचा?

दहा दिवस गावी जायचंय आणि मागची लॉन जगवायचीय, म्हणून मावसभावाने विचारलं, "दादा, चकत्यांचा टायमर घेऊ की डिजिटल?" मी दोन्ही वापरलेत.

लावायला चकतीचा सोपा. एक चकती किती तासांनी, दुसरी किती मिनिटं, झालं. गोम एवढीच, की चकती फिरवली त्या क्षणापासून मोजणी सुरू. सकाळी सहाला पाणी हवं तर सहालाच उठा. आमची लॉन आठवडाभर भर दुपारी दोनला न्हात होती! डिजिटलवर घड्याळ, वेळ, मिनिटं, वार सगळं भरावं लागतं, पण मग उठायला नको. पाणी भलत्या वेळी आलं तर आधी घड्याळातलं एएम-पीएम तपासायचं.

खरी मेख झडपेत आहे. सोलेनॉइड झडप, म्हणजे विजेच्या चुंबकाने चालणारी, उघडायला बहुतेकदा पाण्याचा दाब लागतो. टाकी नळापेक्षा तीन मीटर उंच असली तरी दाब जेमतेम ०.३ बार. 'टक्' ऐकू येतं, पाणी येत नाही, आणि आपण बॅटरीला शिव्या घालतो. बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे भोक असलेल्या गोळ्याची झडप, मोटरवर फिरतो, त्याला दाबाची गरज नाही. अर्थात इतक्या दाबावर फवारेही धड उडत नाहीत.

बॅटरी मात्र दोन्हींत निघण्याआधी नवी घाला. पाणी चालू असताना संपली तर झडप उघडीच राहू शकते.

प्रेशर पंप असेल आणि वार-वेळ पाळायची असेल तर डिजिटल. नुसती टाकी, कुंड्यांना ठिबक आणि बटणांचा कंटाळा असेल तर चकतीचा, तोही बॉल व्हॉल्व्हवालाच.