प्रदर्शनाचं निमंत्रण आलंय? मांडणीचा कागद आधी पाठवू नका

मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन, म्हणजे वस्तू एखाद्या जागेत मांडून वा टांगून केलेलं काम) करणाऱ्या विद्यार्थ्यांना एका ठरावीक साच्याचं पत्र येतं. 'तुमचं वार्षिक प्रदर्शनातलं काम पाहिलं, आमच्या आंतरराष्ट्रीय समूह प्रदर्शनासाठी तुमची निवड झाली आहे.' अर्ज केलेलाच नसतो, तरी निवड! मलाही हे पत्र आलं. सहभाग शुल्क तर बुडालंच, पण त्याहून मोलाचं काहीतरी हातचं गेलं, आणि ते गेलंय हे कळायलाच कित्येक महिने लागले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं काम तुरटीचं होतं. छतापासून टांगलेले मलमलीचे पडदे आणि त्यांवर वाढवलेले स्फटिक. आधी मीठ वापरून पाहिलं होतं. मीठ दिसतं छान, पण हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते पाणी ओढून घेतं आणि पाझरायला लागतं. एका दमट रात्रीनंतर अख्ख्या पडद्याखाली डबकं साचलेलं होतं. तुरटीचं तसं होत नाही. ती गरम पाण्यात थंड पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विरघळते, त्यामुळे कढत संपृक्त द्रावणात कापड सोडून भांडं नीट गुंडाळून ठेवलं की निवता निवता स्फटिक धरतात. जितकं सावकाश निवेल तितके ते मोठे, पारदर्शक, आठ पैलूंचे. घाई केली की नुसती पांढरी भुकटी बसते. दिव्याचंही भान ठेवावं लागतं. तुरटीच्या स्फटिकात पाणी बांधलेलं असतं, हॅलोजन जवळ लावला की ते उडून जातं आणि स्फटिक दुधी पडतात. हे सगळं मी वहीत नमुन्यांच्या तुकड्यांसकट नोंदवत गेले. पडदे एकमेकांसारखेच दिसतात, म्हणून कुठली कड वर आणि कुठली बाजू भिंतीकडे हे कळावं यासाठी कोपऱ्यांत लाल दोऱ्याच्या गाठी मारायचे. टांगून झालं की गाठी कापून टाकायच्या. या गाठी लक्षात ठेवा.

पत्र लिहिणारा स्वतःला क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनातली कामं निवडणारा आणि मांडणारा, म्हणवत होता आणि विषयातलं त्याला खरंच कळत होतं. इथेच बहुतेक जण गाफील राहतात. आपल्या डोक्यातला ठग मोडकंतोडकं लिहिणारा असतो, हा मात्र स्फटिक दुधी का पडतात हे विचारत होता. 'वस्तू पाठवू नका, वाटेत तुटेल. तुम्ही फक्त कागद पाठवा, आमची माणसं जागेवरच बनवतील,' असं त्याने लिहिलं. किती समजूतदार माणूस, असं कुणालाही वाटेल. माझ्या प्राध्यापकांनाही वाटलं. मग यादी आली: द्रावणाचं प्रमाण, निववण्याचा वेळ, ओल्या आणि सुक्या पडद्याचं वजन, टांगण्याचा क्रम, जागेचा नकाशा, आणि शेवटी माझ्या सहीचं अधिकृततेचं प्रमाणपत्र, म्हणजे हे काम अस्सल आहे असं सांगणारा कागद.

इतके बारकावे कशाला, असं विचारल्यावर त्याने एव्हा हेस या शिल्पकर्तीचं उदाहरण दिलं. ते खरंच आहे. हेसने साठच्या दशकात लॅटेक्स आणि फायबरग्लासमध्ये काम केलं. तिचं लॅटेक्स पुढे काळवंडलं, ठिसूळ झालं, आणि १९७० मध्ये वयाच्या ३४ व्या वर्षीच ती गेल्यामुळे या कामांचं काय करायचं हे तिला विचारण्याची सोय उरली नाही. तेव्हा तुमच्या नोंदी आत्ताच घेऊन ठेवतो, असं त्याचं म्हणणं. खऱ्या गोष्टीच्या आडून खोटं खपवायचं, ही त्याची हातोटी.

पैशांचा भाग नेहमीसारखाच. आधी सहभाग शुल्क, मग विमा, मग 'तांत्रिक हाताळणी'. प्रत्येक रक्कम आधीच्यापेक्षा थोडी लहान, म्हणजे इतकं भरलंय तर हेही भरून टाकू असं वाटावं. त्यानंतर प्रदर्शन पुढे ढकललं गेलं, जागा बदलली, गुळमुळीत उत्तरं सुरू झाली, आणि एक दिवस पत्रं पोचेनाशी झाली.

प्रकरण इथेच संपलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. पुढे एका मैत्रिणीने मला एक फोटो पाठवला: कुठल्याशा इमारतीच्या स्वागतकक्षात टांगलेले तुरटीचे पडदे, खाली भलत्याच कुणाचं तरी नाव. आणि कोपऱ्यांत लाल गाठी! कापायच्या राहून गेलेल्या, कारण 'टांगून झाल्यावर गाठी कापाव्यात' ही ओळ कागदाच्या मागच्या बाजूला होती आणि मी पाठवली होती फक्त पुढची. सोबतच्या फलकावर त्या गाठींचा अर्थही लावला होता, 'जखमांच्या स्मृती' वगैरे. मला आधी हसू आलं, संताप नंतर.

चित्रकाराचं चित्र चोरायला चित्र उचलावं लागतं. आपल्याकडे, मांडणशिल्पात, कागद पुरतो. सोल लेविट या अमेरिकन कलाकाराने १९६८ पासून भिंतीवरची रेखाटनं केली, त्यांतली बहुतेक दुसऱ्यांनीच त्याच्या सूचनांवरून काढली. विकत घेणाऱ्याला मिळायचं ते प्रमाणपत्र आणि आराखडा. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस या कलाकाराचे खाऊच्या गोळ्यांचे ढीग तर प्रेक्षक उचलून नेतात आणि पुन्हा भरले जातात. १९९१ च्या एका ढिगाचं आदर्श वजन त्याने १७५ पौंड ठरवलं होतं. तिथे मालकी त्या गोळ्यांची नसते, प्रमाणपत्राची असते. आपण विद्यार्थी हे सगळं कलेतिहासाच्या तासाला शिकतो आणि परीक्षेत लिहितो. स्वतःच्या नकाशाकडे मात्र तशा नजरेने बघायला आपल्याला कुणी शिकवत नाही.

तेव्हा असं पत्र आलं तर पहिला फोन त्या माणसाला नाही, जागेला करा. पत्रात दिलेला नंबर वापरू नका, कलादालनाचा नंबर स्वतः शोधा आणि त्या तारखांना दालन कुणाच्या नावावर आहे ते विचारा. माझ्या बाबतीत त्या तारखांना तिथे रंगकाम चालू होतं. आधीच्या प्रदर्शनांचे म्हणून जे फोटो पाठवतात ते इंटरनेटवर उलट शोधून पाहा, म्हणजे फोटो टाकून तो मुळात कुठला आहे ते बघा, बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाच्या प्रदर्शनाचे निघतात. शुल्क घेणारे सगळेच चोर नसतात, खुल्या स्पर्धांना अर्जाचं छोटं शुल्क असतंच. पण 'निवड झाली' सांगून मग पैसे मागणं म्हणजे धोक्याची घंटा. आणि छतावर किती भार चालेल, वीज कुठून घ्यायची, मांडताना मी हजर असेन का, हे तुम्ही विचारा. खऱ्या आयोजकाला या प्रश्नांनीच घाम फुटतो, तो लगेच आकडे शोधायला लागतो. माझा क्युरेटर म्हणाला, 'सगळी व्यवस्था होईल.'

करारावर सही होईपर्यंत मापं नसलेला नकाशा आणि कमी दर्जाचे फोटो पुरेत. प्रमाण आणि क्रम नंतर. सहीचं प्रमाणपत्र तर काम विकलं जाऊन पैसे हाती आल्याशिवाय कुणाच्याही हातात जाता कामा नये, मग तो कितीही गोड बोलो.

कायद्याचं म्हणाल तर 'तुरटीचे पडदे' ही कल्पना कुणाच्याच मालकीची नसते. नकाशा, लिहिलेल्या सूचना आणि फोटो मात्र तुमचे असतात. आपण त्यांचे कर्ते आहोत हे सांगण्याचा हक्क बर्न कराराच्या, म्हणजे लेखन आणि कलाकृतींवरच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, कलम ६ बिसमध्ये आहे, १९२८ पासून. त्यासाठी तारखा लागतात. माझ्या कामी आली ती वही, नमुन्यांचे तुकडे आणि स्वतःलाच पाठवून ठेवलेले फोटो.

इमारतीच्या व्यवस्थापनाने उत्तर दिलं, सभ्यपणे. त्यांनी काम रीतसर विकत घेतलं होतं आणि त्यांच्याकडे प्रमाणपत्रही होतं. त्याची प्रत पाठवली, तर मापं माझ्याच हस्ताक्षरात, फक्त वरची नावाची पट्टी आणि खालची सही बदललेली. फलकावरचं नाव सध्या झाकलंय, बाकी पत्रव्यवहार चालू आहे. शुल्क ज्या खात्यात भरलं ते बंद झालंय, तक्रार नोंदवली आहे. आणि माझ्या खालच्या वर्गातल्या, मेणात काम करणाऱ्या एका मुलीला तोच मजकूर दुसऱ्या प्रदर्शनाच्या नावाने आलाय. तिच्याकडे कागदांसोबत मेण वितळवतानाचा व्हिडिओही मागितला आहे.