खाऱ्या पाण्यात हनीकोंबचा कूलर: पूर्ण उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

मागच्या पाडव्याच्या सुमारास घेतलेला कूलर आहे, आता दुसरा उन्हाळा लागला. म्हणजे एप्रिल-मे, नवतपा, मधला पावसाळा, ऑक्टोबरची हीट सगळं पाहून झालंय, म्हणून आता लिहिते. आमचं गाव अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यात पूर्णा नदीच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात. प्यायला वान धरणाचं नळाचं पाणी येतं पण ते रोज येत नाही, त्यामुळे कूलरला बोअरचंच पाणी, आणि ते असं खारं की चूळ भरवत नाही. नेटवर कूलरचे जेवढे रिव्ह्यू पाहिले ते सगळे गोड्या पाण्याचे, दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा, शेगाव इकडच्या लोकांना त्याचा काही उपयोग नाही.

कूलर लोखंडी बॉडीचा, तीन बाजूंनी हनीकोंबचे पॅड (मधाच्या पोळ्यासारख्या भोकांचे, कागदाचे), खिडकीत बाहेरून स्टँडवर लावलेला. बनवणाऱ्या मिस्त्रीनं घेतानाच सांगतलं होतं, "वहिनी, आपल्या पाण्यात हनीकोंब नोका टाकू, एका उन्हायात गोटा होते त्याचा, गवतच बरं." मी तरी हनीकोंबच टाकलं, कारण गवताच्या काड्या घरभर उडतात आणि सासऱ्यांना दम्याचा त्रास आहे. तर गोटा झाला का? नाही झाला. पण त्याला कारण पॅड नाही, पाणी बदलणं आहे, आणि मला मुख्य तेच सांगायचंय.

पाणी उडून जातं पण मीठ उडत नाही. कूलर थंड करतो तो पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता ओढली जाते म्हणून, आणि आपल्याकडं दुपारची हवा एवढी कोरडी असते की टपातलं पाणी पाहता पाहता खाली जातं. आपण वरून भर घालत राहतो. पाच बादल्या पाणी घातलं, चार उडून गेलं, तर उरलेल्या एका बादलीत पाचही बादल्यांचं मीठ. दोन-तीन दिवस नुसती भर घालत गेलं की टपात खारवणी पाणी होतं, तेच पंप पॅडवर टाकत राहतो, आणि मग लोक म्हणतात कंपनीचं पॅड खराब.

म्हणून आमच्याकडं रोज सकाळी कूलर बंद केला की बूच काढून टप पूर्ण रिकामा. भर घालणं नाही, रिकामा. ते पाणी झाडांना टाकू नका, आपली काळी जमीन आधीच चोपण, आमच्या शेजारचं लिंबाचं झाड अशा पाण्यानंच गेलं असं माझं मत आहे. आम्ही रस्त्याच्या कडेला सोडतो. नळ आला की त्या दिवशी दोन बादल्या गोडं पाणी वरून पॅडवर सावकाश ओतायचं. बरेच जण सांगतात की पंप बंद करून नुसता पंखा चालवा, पॅड वाळेल, वास येणार नाही. गोड्या पाण्यात ते बरोबर, पण खाऱ्या पाण्याचं पॅड न धुता वाळवलं तर मीठ आतल्या आतच बसतं. आधी धुवा, मग वाळवा.

एवढं करूनही मेच्या शेवटी पॅडच्या खालच्या काठावर पांढरा थर आलाच. नख लावलं तर चुन्यासारखी खपली निघायची. त्यातलं साधं मीठ पाण्यानं जातं, क्षार जात नाहीत, त्याला बादलीभर पाण्यात लिंबूसत्व टाकून पॅडचा तेवढा काठ अर्धा तास बुडवून ठेवला आणि पाईपनं धुतला, बराच निघाला. ब्रश घासू नका, संडास साफ करायचं ॲसिड तर अजिबात नको, शेवटी तो चिकटवलेला कागद आहे. आणि वरच्या पाईपची भोकं पाहत जा! हवा एका बाजूनं गरम येऊन राहिली म्हणून मी पॅड काढून पाहिलं तर अर्ध्या पॅडवर पाणीच नाही, भोकं क्षारानं बुजलेली. दाभणानं मोकळी केली, पाच मिनिटांचं काम.

आता करंट. याच्यावर मला जास्त लिहायचंय कारण दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात पाणी भरणाऱ्या बाया आणि खेळणारी लेकरं असतात. लोखंडी बॉडी, ओली जमीन, आणि खाऱ्या पाण्यातून करंट गोड्यापेक्षा सोपा जातो. आमच्या कूलरला दुकानातून दोन पिनचा प्लग लावून दिला होता, अर्थिंगची वायर आतच गुंडाळलेली. पहिल्याच दिवशी तीन पिनचा करून घेतला, घराचं अर्थिंग तपासून घेतलं, मेन बोर्डात 30 मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळाला की लाईट आपोआप तोडणारा स्विच) बसवला. मे महिन्यात जमीन सुकते तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी टाकत जा. पाणी भरताना प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, आणि हे घरातल्या प्रत्येकाला, लहान लेकरालासुद्धा पाठ पाहिजे.

थंडाव्याचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये मी खूश आहे. अकोल्याचा पारा 45 च्या वर जातो, 2024 च्या मेमध्ये तर उन्हापायी जिल्ह्यात 144 कलम लावलं होतं, अशा दुपारी आमच्या टिनाच्या घरात सासरे झोपू शकतात हे माझ्यासाठी खूप आहे. कूलरच्या मागं ऊन येत होतं तिथं तुराट्यांचा ताटवा उभा केला, त्यानंही फरक पडला. फक्त समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी पाहिजे, आतली हवा बाहेर गेली नाही तर खोली दमट होते आणि मग कूलर थंड करत नाही. बिलाचं सांगायचं तर 200 वॅटचा कूलर दहा तास चालला की दोन युनिट, दीड टनाचा एसी जोरात चालला तर दीड तासातच तेवढं खातो. लाईट गेली तर इन्व्हर्टरवरही चालतो. मृग लागून हवेत ओल आली की मात्र पंप बंद, नुसता पंखा, नाहीतर अंग चिकचिक होतं.

पंखा हळू फिरायला लागला, हातानं ढकलल्यावरच फिरला, तर मोटार जळाली समजू नका, बहुतेक वेळा कंडेन्सर (कपॅसिटर) गेलेला असतो, जुन्यावर जो एमएफडी, म्हणजे त्याचं माप, लिहिलाय तोच आणा. ऑक्टोबरनंतर ठेवताना टप नुसता रिकामा करून चालत नाही, कडा घासून काढा, डेंग्यूच्या मच्छराची अंडी कोरड्या पत्र्यालाही महिनोन् महिने चिकटून राहतात. घासून झाल्यावर आतून डांबर मारलं, तरी बुचाभोवती गंज धरलाच.

म्हणून नवीन घेणाऱ्यांनी आमच्या भागात लोखंडी टप घेऊ नये, खाली फायबरचा घ्यावा. आणि बूच टपाच्या अगदी तळाला आहे का ते दुकानातच वाकून पाहावं. आमचं बोटभर वर आहे, तेवढं खारं पाणी रोज फडक्यानं टिपून काढावं लागतं.